एकाच छपराखालील दोन शाळा
(नभोवाणीवरील भाषण)

मोठ्या शहरातील मोठे हायस्कूल ही नुसती शाळा नसते. ती त्या शहराची लहानशी प्रतिकृतीच असते. शहरात जितके वर्ण, जितक्या भाषा आणि जितक्या निरनिराळ्या कमाईची घरे असतील, त्या सर्वांतील मुले सकाळची घंटा होताच एका पटांगणात गोळा होतात. हे दृश्य पाहून कोणाही समंजस माणसास समाधान वाटते, आणि ते वाटावे हे योग्यच आहे. परंतु घंटेनंतर ही मुले कोणकोणत्या वर्गांत जातात, कोणाच्या हाती कोणते पुस्तक पडते आणि कोणास कोणत्या परीक्षेस बसविले जाते, हे पटांगणात उभे राहून कळत नाही. त्यासाठी शाळेच्या आत जावे लागते.

आज ज्या शाळेचा विचार करावयाचा आहे, ती अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या राजधानीची, म्हणजे लिटल रॉक शहराची, सेंट्रल हायस्कूल ही शाळा होय. तिचे बाहेरचे दार सर्वांस मोकळे करण्यासाठी सैन्य आणावे लागले. आणि ते दार उघडल्यावरही आतली कित्येक दारे उघडावयाची राहून गेली. म्हणून ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिच्या इतिहासात जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतील.

ही शाळा १९२७ साली उघडली. इमारतीस पंधरा लक्ष डॉलर खर्च आला होता, आणि अमेरिकेतील वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने देशातील सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून तिचा गौरव केला होता. ती केवळ गोऱ्या मुलांसाठी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी दोन वर्षांनी, १९२९ साली, डनबार हायस्कूल बांधण्यात आले. त्यास सुमारे चार लक्ष डॉलर लागले, आणि त्यांतीलही काही भाग बाहेरच्या दानशूर निधींतून मिळवावा लागला. वेगळे, परंतु समान, असा त्या काळचा कायदा होता. १८९६ सालच्या एका निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच तो मान्य केला होता. पंधरा लक्ष आणि चार लक्ष हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे त्या सूत्रातील पहिला शब्द किती खरा होता आणि दुसरा किती खोटा होता, हे वेगळे सांगावयास नको.

१७ मे १९५४ रोजी त्याच न्यायालयाने आपला जुना निकाल फिरविला आणि वर्णभेदाने शाळा वेगळ्या ठेवणे घटनेविरुद्ध ठरविले. लिटल रॉकच्या शिक्षणमंडळाने थोड्या थोड्या मुलांना प्रवेश देण्याची योजना आखली, आणि १९५७ च्या सप्टेंबरात सेंट्रलपासून आरंभ करण्याचे ठरले. इच्छुक मुले पुष्कळ होती. परंतु त्यांच्या गुणपत्रिका पाहण्यात आल्या, वर्तणूक तपासण्यात आली, घरच्यांशी बोलणी झाली, आणि अखेर नऊच मुले उरली; सहा मुली व तीन मुलगे. सामान्य गोऱ्या मुलास जेथे केवळ जवळ राहतो म्हणून जागा मिळे, तेथे ह्या मुलांना आपली असामान्यता सिद्ध करून उंबऱ्यापर्यंत पोचावे लागले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या सप्टेंबरात जे घडले ते साऱ्या जगास ठाऊक आहे. राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस ह्यांनी राज्याचे रक्षकदल शाळेभोवती उभे केले. ४ सप्टेंबरला एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी एकटीच शाळेकडे गेली. तिच्या घरी टेलिफोन नव्हता, त्यामुळे सर्वांनी मिळून जावयाचे आहे हा निरोप तिला पोचला नव्हता. संगिनी आडव्या करून शिपायांनी तिला परत फिरविले आणि मागून जमाव ओरडत राहिला. २३ तारखेला ती नऊ मुले बाजूच्या दाराने आत गेली. परंतु बाहेर सुमारे हजारांचा जमाव जमल्याने दुपारपूर्वीच त्यांना बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनी १०१ व्या हवाई पलटणीचे सुमारे बाराशे सैनिक धाडले, आणि २५ सप्टेंबरला नऊ मुले सैनिकांच्या पहाऱ्यात पुढच्या दाराने शाळेत गेली.

इतिहास बहुधा येथेच थांबतो. परंतु शिक्षणाचा प्रश्न येथेच सुरू होतो. ही मुले आत गेली ती कोणत्या अटीवर? वर्गांत बसण्यास मुभा होती. पण शाळेचे क्रीडासंघ, वाद्यवृंद, नाटके, विद्यार्थिमंडळ ह्यांपैकी कशातही भाग घेण्यास त्यांना मनाई होती. ज्या मुली आपल्या पूर्वीच्या शाळांत गाण्यात किंवा विद्यार्थिमंडळात पुढे होत्या, त्यांना येथे केवळ बाकावरची जागा मिळाली. वर्षभर त्यांना धक्के, शिव्या आणि मार सोसावा लागला. मिनिजीन ब्राउन हिने एकदोनदा प्रतिकार केला, म्हणून फेब्रुवारी १९५८ मध्ये तिला शाळेतून काढून टाकण्यात आले. मे महिन्यात अर्नेस्ट ग्रीन हा ह्या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. पुढे तो कार्टर ह्यांच्या कारकीर्दीत मजूरखात्याचा साहाय्यक मंत्री झाला. आणि नवांपैकीच ग्लोरिया रे हिने रसायन व गणित ह्या विषयांत पदवी घेऊन पेटंट-कायद्यात नाव मिळविले. प्रवेश मिळाला होता, सहभाग मिळाला नव्हता. दोहोंतील हे अंतर पुढे निराळ्या रूपांत टिकून राहिले.

त्यापुढील वर्ष तर अधिकच विलक्षण होते. १९५८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिरंगाई करण्यास नकार देताच गव्हर्नरांनी शहरातील चारही सरकारी हायस्कुले बंद केली. त्यावर मतदान झाले तेव्हा सर्व शाळांत मिश्र शिक्षण नको म्हणणारे १९,४७० आणि हवे म्हणणारे ७,५६१ निघाले. ३,६६५ विद्यार्थी वर्षभर शाळेवाचून राहिले. शिक्षकांचे करार झालेले असल्याने ते रिकाम्या वर्गांत रोज येऊन बसत. फुटबॉलचे सामने मात्र सुरू होते! गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी खासगी शाळा किंवा परगावचे नातेवाईक शोधले. कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे निम्म्यांना कोठेच शाळा मिळाली नाही. अखेर शहरातील गोऱ्या स्त्रियांनीच समिती स्थापून शाळा उघडण्याची चळवळ केली, आणि ऑगस्ट १९५९ मध्ये दारे पुन्हा उघडली. नवांपैकी कार्लोटा वॉल्स आणि जेफर्सन टॉमस हे परत आले व १९६० साली उत्तीर्ण झाले.

आता पुढील अर्धे शतक ओलांडून आजच्या सेंट्रलकडे पाहावे. ती आज सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांची शाळा आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थी निम्म्याच्या आसपास आहेत. गोरे, स्पॅनिश भाषिक घरांतील आणि आशियाई वंशाचे असे विद्यार्थी उरलेल्या भागात आहेत. १९९८ साली शाळेची इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. तरीही तिच्यात नित्याची शाळा भरते. आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा खास विभाग, अनेक परकी भाषा, संगीत, वादविवाद, आणि मुख्यतः उच्च दर्जाचे, महाविद्यालयाच्या तोडीचे अभ्यासक्रम ही तिची ख्याती आहे. ह्या अभ्यासक्रमांची परीक्षा देशभर दर वर्षी मे महिन्यात होते. त्यांत पाचांपैकी तीन किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास पुष्कळ महाविद्यालयांत त्या विषयापुरती सूट मिळते. आणि शाळेतही ह्या वर्गांतील गुणांना साध्या वर्गातील गुणांपेक्षा अधिक वजन दिले जाते. हे वर्ग म्हणजे पुढील आयुष्याच्या जिन्याची पहिली पायरी होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२००७ साली, त्या घटनेस पन्नास वर्षे झाली तेव्हा, लिटल रॉकमध्येच वाढलेल्या दोन बंधूंनी ह्या शाळेवर एक माहितीपट काढला. त्यात शाळेचे आतले चित्र लोकांस दिसले. उच्च अभ्यासक्रमांच्या वर्गांत बहुतेक चेहरे गोरे. साध्या वर्गांत बहुतेक काळे. फाटकावर कोणी शिपाई नव्हता, कोणता नियम आड येत नव्हता. तरीही एकाच छपराखाली दोन शाळा भरत होत्या. त्याच सुमारास एका प्रसिद्ध साप्ताहिकाच्या यादीत सेंट्रलचा क्रमांक देशातील वरच्या शाळांत लागत असे. ती यादी करण्याची रीत अशी, की शाळेत ह्या उच्च परीक्षा एकंदर किती दिल्या गेल्या त्या संख्येस उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागावयाचे. भागाकार उत्तम येत होता. पण त्या परीक्षा कोणत्या मुलांनी दिल्या, हे भागाकार सांगत नाही.

हे असे का व्हावे? ह्याचे उत्तर वर्णद्वेष एवढ्या एका शब्दात देऊन चालणार नाही. शाळेच्या रचनेत शिरले पाहिजे. अमेरिकेतील हायस्कुलात आपल्याकडील तुकडीसारखी कायमची तुकडी नसते. प्रत्येक विद्यार्थी आपले विषय निवडून आपले वेळापत्रक आखतो. वरवर पाहता ही पूर्ण मोकळीक आहे. परंतु गणिताचेच उदाहरण घ्यावे. बाराव्या इयत्तेत कलनशास्त्र शिकावयाचे असेल तर अकरावीत त्याची पूर्वतयारी, दहावीत बीजगणिताचा दुसरा भाग, नववीत भूमिती आणि आठवीत बीजगणिताचा पहिला भाग झालेला असावा लागतो. म्हणजे सतराव्या वर्षी जी निवड विद्यार्थी करतो असे दिसते, ती वस्तुतः तेराव्या वर्षी, हायस्कुलात पाऊल टाकण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. आणि ती करणारा विद्यार्थी नसतो, तर त्याची खालची शाळा, तेथील शिक्षकाचा अभिप्राय आणि ही शिडी कशी लागते हे ठाऊक असलेले किंवा नसलेले आईबाप असतात. सेंट्रलच्या प्रवेशद्वारावर चार पुतळे आहेत: महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. संधी सर्वांसाठी उभी आहे. परंतु पूर्वतयारी वाटेतच कोणाकोणाला सोडून आलेली असते.

दुसरे कारण मनाचे आहे. पंचवीस मुलांच्या वर्गात आपल्यासारखे आपण एकटेच किंवा दोघेच असलो, म्हणजे शंका विचारतानाही जीभ अडखळते. चूक झाली तर ती आपली एकट्याची न राहता आपल्या साऱ्या समाजाची ठरेल असे भय वाटते. सोबतीचे मित्र साध्या वर्गात असतात, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी सोबतीचे आकर्षण पुस्तकापेक्षा कमी नसते. राज्याने आपल्यापरीने उपाय केले. २००३ साली कायदा करून प्रत्येक शिक्षणविभागाने मुख्य चार विषयांत असे वर्ग उघडलेच पाहिजेत असे ठरविले. पुढे परीक्षेची फीही सरकारी तिजोरीतून भरण्याची तजवीज झाली. फीची अडचण गेली. शिडीच्या खालच्या पायऱ्यांची आणि एकटेपणाची अडचण तेवढ्याने जात नाही.

मग हे उच्च वर्गच बंद करावेत काय? येथे प्रश्न खरा अवघड होतो. सुखवस्तू गोरी घरे आपली मुले खासगी शाळांत न घालता सेंट्रलमध्ये पाठवितात, त्यांतील पुष्कळशी ह्या वर्गांसाठीच पाठवितात. वर्ग गेले तर ती घरेही जाण्याचा संभव, आणि मग पटांगणातील मिश्रणही गेले. शहरातील दुसऱ्या एका शाळेचा अनुभव ह्या दृष्टीने बोलका आहे. १९५७ साली, सेंट्रलच्या त्या प्रसिद्ध वर्षीच, पश्चिमेकडील सधन गोऱ्या वस्तीत हॉल हायस्कूल उघडले. काही दशकांनी तेथील गोरे विद्यार्थी जवळजवळ नाहीसे झाले, आणि २०१४ साली अभ्यासात संकटग्रस्त म्हणून राज्याने ज्या शाळांची नावे जाहीर केली त्यांत हॉलही होते. तात्पर्य, जे अभ्यासक्रम सेंट्रलमध्ये निरनिराळ्या घरांच्या मुलांना एकत्र आणतात, तेच आत आल्यावर त्यांना वेगळे करतात. औषध आणि अपाय एकाच बाटलीत आहेत.

ह्यातून मार्ग नाही असे मात्र नाही. राजधानी वॉशिंग्टन येथे पूर्वी मुलांना चार निरनिराळ्या मार्गांवर घालण्याची पद्धत होती. १९६७ साली तेथील न्यायालयाने ती रद्द केली. पण केवळ मनाई करून वर्ग सुधारत नाहीत. न्यूयॉर्कजवळील रॉकव्हिल सेंटर ह्या गावच्या शाळांनी निराळी वाट धरली. वरचा वर्ग बंद करण्याऐवजी त्यांनी खालचा वर्ग बंद केला. गणिताचा वेगाचा अभ्यासक्रम सर्वच मुलांना दिला, आणि मागे पडणाऱ्यांसाठी आठवड्यातून अधिक तासांची मदत ठेवली. तेथील कृष्णवर्णीय व स्पॅनिश भाषिक मुलांपैकी राज्याची वरची प्रमाणपत्र-परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण २००० साली शेकडा ३२ होते. तीन वर्षांत ते ८२ वर गेले. गोऱ्या मुलांचे प्रमाण त्यामुळे घटले नाही, उलट तेही वाढले. ते गाव लहान आणि सधन आहे, लिटल रॉकसारखे मोठे शहर नव्हे, हे खरे. तरी ज्यास बुद्धीचा अभाव समजले जाते तो पुष्कळदा तासांचा आणि अपेक्षेचा अभाव असतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

सेंट्रलमध्येही एक लहानसा, पण मोलाचा उपक्रम चालत आला आहे. नववीच्या मुलांनी आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसांकडे जाऊन त्यांनी पाहिलेल्या अन्यायाच्या व हक्कांच्या हकीकती लिहून आणावयाच्या. त्या संग्रहित होतात, त्यांची पुस्तकेही निघाली आहेत. ह्या अभ्यासात शेताच्या बांधावर राबलेल्या आजीची नात आणि वकिलाचा मुलगा ह्यांच्या हाती सारखेच धन असते. किंबहुना पहिलीकडे थोडे अधिकच असते. ह्याच उपक्रमातील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने २०१८ साली, एलिझाबेथ एकफर्ड जमावापासून सुटून ज्या बाकावर बसली होती त्याची प्रतिकृती शाळेजवळ उभारली गेली. येथे भिन्नता ही सोसावयाची अडचण न राहता अभ्यासाचे साहित्य झाली आहे.

अभ्यासक्रमात काय असावे हाही वाद अद्याप संपलेला नाही. आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या इतिहासाचा व संस्कृतीचा एक उच्च अभ्यासक्रम देशभर नव्याने सुरू होत असता, ऑगस्ट २०२३ मध्ये, शाळा उघडण्याच्या अगदी तोंडावर, आर्कान्साच्या शिक्षणखात्याने त्याची मान्यता काढून घेतली. सेंट्रलमध्ये तो वर्ग तरीही भरविण्यात आला. ज्या वर्गात शेवटी काळी मुले मोठ्या संख्येने येण्याचा संभव, त्याच वर्गाच्या मान्यतेवर तंटा व्हावा, ह्यातील विसंगती कोणाच्याही लक्षात येईल.

श्रोतेहो, महाराष्ट्रास हा प्रश्न परका नाही. ज्या वर्षी सेंट्रलची इमारत उभी राहिली त्याच १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे साताऱ्याच्या शाळेत असताना वर्गाच्या कोपऱ्यात आपले स्वतःचे गोणपाट टाकून बसत. नाव पटावर होते, प्रवेश मिळालेला होता, आणि तरीही शाळा निराळीच होती. पुढे १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य आवर्जून नमूद केले होते. गोणपाट आज नाही. तथापि वर्गाचा कोपरा निरनिराळ्या नावांनी पुनः निर्माण होऊ शकतो, हे सेंट्रलच्या उदाहरणावरून शिकावयाचे आहे.

म्हणून कोणत्याही मोठ्या शाळेची परीक्षा करताना पटावरील नावांची विविधता पाहून संतुष्ट होऊ नये. पालकांनी, शिक्षकांनी आणि चालकांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. शाळेतील सर्वांत कठीण विषयाच्या वर्गात कोण बसले आहे? तेथे जाण्याची वाट कोणत्या इयत्तेत फुटते, आणि ती मुलांच्या घरी कोणी समजावून सांगितली आहे काय? आणि त्या वर्गात जो मागे पडतो त्यास खाली उतरविले जाते, की वर राहण्यासाठी एक तास अधिक दिला जातो? बाहेरचे दार उघडण्यास कायदा लागतो, प्रसंगी सैन्यही लागते. आतले दार उघडण्यास वेळापत्रक बदलावे लागते, एखादा शिक्षक अधिक नेमावा लागतो, आणि हे मूल शिकेल असे मनापासून मानावे लागते. ह्या गोष्टींची वार्ता वर्तमानपत्रांत येत नाही. परंतु मुलांचे आयुष्य बहुतांशी ह्यांवरच ठरते.